पेडल खाली गेलं

आमच्या गाडीच्या ब्रेकचं पेडल पहिल्यांदा खाली गेलं तेव्हा गाडी पोर्चमध्ये उभी होती, म्हणून कुणाला काही झालं नाही. आमच्या ह्यांची सवय अशी, की चावी फिरवायच्या आधी ब्रेक दाबून बघायचा. त्या सकाळी त्यांनी दाबला आणि पाय चिखलात जावा तसा आत गेला. पुन्हा दाबला, पुन्हा दाबला, तेव्हा कुठे जरा टणक लागला. मी फाटकाशी कचऱ्याचे डबे घेऊन उभी होते. इंदुरात कचऱ्याची गाडी चुकली की दिवसभर घरात ते डबे आपल्याकडे बघत बसतात, त्यामुळे माझं अर्धं लक्ष रस्त्याकडे होतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही."

ज्या माणसाने हयातभर मशिनं दुरुस्त केली, त्याच्या 'काही नाही'चा अर्थ बायकोला कळतो. मग ते गाडीमागे गेले आणि वाकले. वाकायला त्यांना हल्ली वेळ लागे. मागच्या डाव्या चाकाची आतली बाजू ओली होती आणि खाली फरशीवर पंजाएवढा डाग पडला होता. ब्रेकचं तेल गळत होतं.

गाडी आमची जुनी. लेकीच्या लग्नाच्या आधीची, पांढरी, छोटी, आरटीओत पुन्हा पास करून आणलेली. रंगाचे पोपडे निघालेत, मागच्या काचेचं हँडल हातात येतं, पण इंजिन ठणठणीत. हे पीथमपूरच्या कारखान्यात मेंटेनन्समध्ये होते. गाडी मेकॅनिककडे न्यावी लागली तर शेजारी स्टूल टाकून बसत आणि त्या बिचाऱ्याला काही करू देत नसत. शक्यतो सगळं घरीच. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची असली तर दोन माणसं लागतात, एक गाडीखाली आणि एक आत बसून पेडल मारायला. आत बसणारी मी. "दाब. धर. धर म्हटलं ना! आता सोड." आमच्या संसारातली निम्मी भांडणं त्या पेडलवर झालीत. हे मूळचे कराडकडचे, मी इंदूरची, मल्हारगंजात वाढलेली. ते जन्मभर माझ्या मराठीला नावं ठेवत आले आणि मी त्यांच्या हिंदीला. फिट्टंफाट.

या वेळी मात्र मला हाक आली नाही, कारण गाडी उघडून बसले असते तर लेकीला कळलं असतं. लेक दोन गल्ल्या सोडून राहते. जावई शहराबाहेर सिमरोलच्या कॉलेज-कॅम्पसवर नोकरीला, तो उजाडताच बसने निघतो. लेकीचं ऑफिस दुसऱ्या टोकाला. नातीला सकाळी शाळेत सोडण्याचं काम ह्यांचं. रिटायर झाल्यावर हा माणूस कितीतरी महिने खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत असे. मी मेले काय नि जगले काय, त्यांना पत्ता नव्हता. नातीची शाळा सुरू झाली आणि ते पुन्हा पहाटे उठू लागले, दाढी करू लागले, शर्ट खोचू लागले. जाता-येता ती त्यांना शाळेतल्या चुगल्या सांगायची आणि ते दुपारी मला त्या सगळ्या नीट क्रमाने सांगायचे.

लेक मात्र बऱ्याच दिवसांपासून कुरकुरत होती. "आई, बाबा आजकाल फार स्लो झालेत. मी व्हॅन लावून देते ना, त्यांना पण टेन्शन नको." ह्यांच्या कानावर ते गेलं तेव्हा त्यांनी तिच्याशी अबोला धरला होता. ते हळू झाले होते हे खरं. चालताना चप्पल घासटत असत, डावा हात हलत नसे, आणि बोलणं इतकं हळू की मला दर वाक्याला "काय?" म्हणावं लागे. मला वाटायचं, वय झालं. शिवाय मला चिडवायला मुद्दाम हळू बोलतात असाही मला संशय होता. पण पेडल खाली गेलं हे लेकीला कळलं तर व्हॅन येणार आणि ह्यांची पुन्हा भिंत सुरू होणार, हे आम्हा दोघांनाही न बोलता समजलं.

"तिला सांगू नकोस," ते म्हणाले. "चाकातलं रबर गेलंय. रविवारी उघडतो आणि बदलतो. तोवर वरून तेल टाकत राहायचं. तेल आहे तोवर ब्रेक आहे."

"आणि तोपर्यंत पोरीला तशीच घेऊन फिरणार तुम्ही?"

"थेंब थेंब गळतंय गं. मला कळतं."

"हो ना, तुम्हालाच तर सगळं कळतं. आम्ही पागल बसलोय इथे."

तरी मी लेकीला सांगितलं नाही. मला ती भिंत परत नको होती.

आता फळीबद्दल सांगायला हवं. पोर्चच्या कोपऱ्यात ह्यांच्या दोन फळ्या आहेत. रिकामी बाटली टाकून देणं हा ह्यांच्या लेखी गुन्हा, आणि तळणीत उरलेलं तेल ओतून टाकणं हा त्याहून मोठा. दिवाळीत माझ्या चकल्या, कडबोळी, शेव झाली की कढईतलं तेल गार होऊ द्यायचं, फडक्यातून गाळायचं, नरसाळ्याने बाटल्यांत भरायचं आणि वापरलेलं तेल गोळा करणारा माणूस आला की त्याला द्यायचं. हे सगळं ते स्वतः करतात, मला हात लावू देत नाहीत. यंदा बाटल्या कमी पडल्या. तेव्हा त्यांनी ब्रेक ऑइलच्या जुन्या रिकाम्या बाटल्या साबणाने धुतल्या, उन्हात वाळवल्या आणि त्यांतही तळण भरलं.

"खायचं तेल आणि गाडीचं तेल एकाच जागी? कमाल करता तुम्ही पण," मी म्हटलं होतं.

"वरची फळी गाडीची, खालची तळणाची. डोकं ठिकाणावर असलेल्या माणसाला एवढं पुरे."

त्यानंतर मधे घराला रंग लावला, फळ्या उतरल्या आणि पुन्हा चढल्या. सामान ह्यांनीच लावलं. कुठली बाटली कुठे गेली यावर आम्ही पुढे खूप भांडलो, पण त्याला काही अर्थ नव्हता. फळीचं जाऊ दे. बाटलीचं झाकण उघडल्यावर कुठल्याही माणसाच्या नाकाला कळायला हवं होतं.

ह्यांनी तेल भरलं आणि एक-दोन दिवसांत पेडल वर आलं. चांगलं कडक. ते खूश झाले. मला पोर्चमध्ये बोलावून दाखवलं, "बघ, दगडासारखं झालंय." गाडी मात्र जरा जड चालते म्हणाले, थंडीमुळे असेल. संध्याकाळी नात आमच्याकडे दूध प्यायला आली तेव्हा मला म्हणाली, "आजी, गाडीत जळका वास येऊन राहिला होता. आजोबा म्हणतात, कुठे येतो? येतो ना पण!" मी म्हटलं, रस्त्यावर कुणी शेकोटी पेटवली असेल. इथे थंडीत चौकाचौकात टायर जाळून बसणारी माणसं असतात.

शनिवारी नातीच्या शाळेत तीळगुळाचा कार्यक्रम होता आणि आजी-आजोबांना बोलावलं होतं. तिथून मला खजरान्याला गणपतीला जायचं होतं, म्हणून मी मागच्या सीटवर नातीजवळ बसले. लाडवांचा डबा मांडीवर. कॉलनीतून बाहेर पडलो आणि पाचेक मिनिटांत मला वास आला. लोखंड तापल्यासारखा, रबर जळल्यासारखा, इतका उग्र की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काचा सगळ्या बंद होत्या.

"अहो, वास येतोय."

"कशाचा?"

"जळका! येत नाही तुम्हाला?"

"बाहेरचा असेल."

"बाहेरचा कुठून येईल? काचा बंद आहेत. थांबवा गाडी."

"पूल उतरल्यावर थांबवतो," ते म्हणाले. नात सीटवर उभी राहिली आणि पुढच्या दोन सीटांच्या मधे डोकं घालून म्हणाली, "आजोबा, मी सांगितलं होतं ना!" मी तिला मागे ओढणार होते. तेवढ्यात गाडी पुलाच्या उतारावर आली आणि ह्यांनी ब्रेक दाबला.

मला आधी ह्यांचा गुडघा दिसला. तो सरळ झाला आणि पुन्हा वर आला, पुन्हा सरळ झाला. ते एकच शब्द बोलले, "गेला." मग गिअर खाली आल्याचा आवाज झाला, इंजिन किंचाळलं, त्यांनी हँडब्रेक ओढला आणि गाडीची मागची बाजू फिरली. आम्ही दुभाजकाला घासलो, तिथून सुटून पुलाखालच्या नारळाच्या ठेल्यावर गेलो आणि थांबलो. ठेलेवाला उडी मारून बाजूला झाला होता, म्हणून वाचला. नातीचं तोंड पुढच्या सीटच्या लोखंडी दांड्यावर आपटलं. मी तिला ओढून मांडीवर घेतलं तेव्हा माझ्या साडीवर आणि तीळगुळाच्या लाडवांवर रक्त होतं. तिचा खालचा ओठ फाटला होता आणि ती रडत नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती. ती रडेपर्यंत माझा जीव माझा नव्हता.

"थांबवली मी," हे पुढून म्हणाले. "थांबवली."

त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि डावा हात थडथड उडत होता. ते मागे वळले नाहीत. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की हातातला डबा त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला. लोक जमले. कुणीतरी दार उघडून नातीला उचललं, कुणी पाणी दिलं आणि कुणी तरी मोठ्याने म्हणालं, "अरे भिया, अंकल को गाड़ी देता कौन है?" ते ह्यांनी ऐकलं.

दवाखान्यात लेक आली. ओठाला टाके घालताना तिने मुलीचे हात धरले आणि एकदाही बापाकडे पाहिलं नाही. निघताना मला म्हणाली, "आई, बस. आता बस."

गाडी ओढून मल्हारगंजातल्या एका गॅरेजमध्ये नेली होती. माझ्या माहेरच्या गल्लीच्या तोंडाशीच ते आहे. तिथला मेकॅनिक म्हणजे एका कानाला फोन आणि सगळ्यांवर एकदम ओरडणारा माणूस. त्याने बॉनेट उघडलं, ब्रेकच्या तेलाच्या डबीचं झाकण काढलं आणि थबकला. झाकणातलं रबर पुरीसारखं टम्म फुगलं होतं. त्याने बोट बुडवलं, नाकाशी नेलं आणि हसत सुटला.

"अंकलजी, ये ब्रेक में क्या डाल दिया? इसमें तो सेव तली हुई है!"

शेजारच्या दुकानातली माणसं आली. प्रत्येकाने डबीवर नाक धरलं आणि हसला. एकाने विचारलं, सेव लौंग की है कि सादी? मेकॅनिकने बोट माझ्यासमोर धरलं. "आंटीजी, आप बताओ।" मला जवळ जायचीही गरज पडली नाही. ओवा, तिखट, जळकं बेसन. ती माझी दिवाळी होती. तळणाच्या तेलाने ब्रेकची सगळी रबरं फुगली होती, आधी चाकं धरून ठेवली, तापवली, आणि मग फाटली. हे मेकॅनिकने सांगितलं, तेही फोनवर कुणाशी तरी बोलता बोलता. आतलं एकूण एक रबर बदलावं लागणार होतं.

ह्यांनी त्याच्या हातून झाकण घेतलं. मला वाटलं, आता ओशाळतील, किंवा माझ्यावर घसरतील. त्यांनी झाकण नाकाला लावलं आणि डोळे मिटून खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग डबीवर वाकले आणि तिथेही घेतला.

"इसको कुछ बास नहीं है," ते म्हणाले. "ब्रेक ऑइल ही है. नया टाइप का होगा."

सगळे आणखी हसले. म्हातारा चूक कबूल करत नाही असं त्यांना वाटलं, आणि मलाही आधी तेच वाटलं. कबूल करणं ह्यांच्या रक्तात नाही. पण मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. खोटं बोलताना हे समोरच्याकडे रोखून बघतात, इतक्या वर्षांत मला ते पाठ झालंय. या वेळी ते कुणाकडेच बघत नव्हते. ते त्या डबीत वास शोधत होते. भर दुपारी, माझ्या माहेरच्या गल्लीत, इतक्या माणसांत मला एकदम गार पडल्यासारखं झालं.

घरी आल्यावर आधी भांडण झालं. बाटली खालच्या फळीवर होती, तू वर ठेवलीस. मी तुमच्या फळीला हात लावला तर तुम्ही घर डोक्यावर घेता, मी कशाला ठेवू. असं चाललं. मग मी त्यांचा हात धरून त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि खुर्चीत बसवलं.

"डोळे मिटा."

"काय पोरखेळ आहे?"

"मिटा म्हणते ना."

मी हिंगाची डबी उघडून त्यांच्या नाकाखाली धरली. "हिंग," ते लगेच म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. मग माझ्या लक्षात आलं, हिंगाच्या डबीचं झाकण घट्ट आहे, उघडताना टक् वाजतं, आणि तो आवाज घरात सगळ्यांना माहीत आहे. मी आवाज न करता थोडा हिंग वाटीत घेतला आणि ती वाटी धरली.

त्यांनी वाटीवर दोन-तीनदा श्वास ओढला. "वेलची," ते शेवटी म्हणाले.

मी कापूर धरला. ते म्हणाले, काही नाही. लसूण ठेचून धरला, काही नाही. देवघरातली उदबत्ती पेटवून आणली तर धुराने खोकले आणि म्हणाले, "उदबत्ती." मी वाटी ओट्यावर आपटली.

"कधीपासून?"

"झाली दोन-तीन वर्षं," ते म्हणाले. डोळे अजून मिटलेलेच होते. "आधी वाटलं सर्दी आहे. मग वाटलं तो साथीचा ताप येऊन गेला असेल नकळत, वास येईल परत. मग राहिलंच."

"आणि मला सांगितलं नाही?"

"वास येत नाही, त्यात सांगायचं काय? पाय थोडाच मोडलाय?"

रोज दुपारी मी वरणाला फोडणी दिली की हा माणूस बाहेरच्या खोलीतून म्हणायचा, "वा, काय वास सुटलाय." एक दिवस चुकवला नाही. फोडणी तडतडली की म्हणायचा, कारण तडतड त्याला ऐकू येत होती. मी दोन-तीन वर्षं त्या 'वा'वर खूश होत आले. मला रडू आलं ते दुःखाने नाही, सरळ संतापाने. मी म्हटलं, "घरात गॅस सुटला असता तर? नात असताना सुटला असता तर?" त्यांनी डोळे उघडले आणि हळू म्हणाले, "त्याचा विचार मी केला होता. म्हणून तू बाहेर गेलीस की मी सिलिंडर बंद करून ठेवायचो." मला आठवलं, बाजारातून आले की सिलिंडर बंद सापडायचा आणि मी त्यांना वेंधळे म्हणायचे.

ह्यांच्या उडणाऱ्या हाताचं मी लेकीला सांगितलं आणि तिनेच मेंदूची डॉक्टर शोधली. तरुण मुलगी, नोकरीसाठी पुण्याहून इंदुरात आलेली. तिचं मराठी ऐकून ह्यांना इतकं बरं वाटलं की ते आधी तिला तिचं गाव विचारत बसले. तिने बोटं एकमेकांवर टेकवायला लावली, खोलीच्या टोकापर्यंत चालायला लावलं, कागदावर एक वाक्य लिहायला दिलं. वाक्य सुरू झालं तेव्हा अक्षर ह्यांचं होतं आणि संपेपर्यंत मुंग्यांची रांग झाली होती. वास कधीपासून येत नाही, हेही तिने विचारलं. मी म्हटलं, त्याचा इथे काय संबंध? ती म्हणाली, पुष्कळदा सुरुवात तिथूनच होते, हात थरथरायच्या कितीतरी आधी. मग तिने आजाराचं नाव सांगितलं. पार्किन्सन. औषधाने बरेच दिवस चांगले जातात, काका, असंही म्हणाली.

"गाडी?" ह्यांनी विचारलं.

तिने हातातलं पेन खाली ठेवलं. "त्या दिवशी तुम्ही ब्रेक दाबला आणि तो लागला नाही," ती म्हणाली. "पुढे असं होऊ शकतं, की ब्रेक चांगला असेल आणि तुमचा पाय वेळेवर उचलला जाणार नाही."

परत येताना रिक्षात लेक रडत होती, मी तिला गप्प करत होते आणि हे बाहेर बघत होते. घराजवळ आल्यावर ते लेकीला म्हणाले, "व्हॅनवाल्याला सांग." अबोला वगैरे काही नाही. इतक्या वेळा मी देवाला म्हटलं होतं, या माणसाचा हट्ट एकदा तरी मोडू दे. मोडला तेव्हा मला तो परत हवा होता.

प्रश्न नातीचा होता. ओठाचे टाके निघाले, ती बरी झाली आणि शाळेत जायच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे येऊन उभी राहिली. "आजोबा, उद्या गाडी आहे ना?" गाडी दुरुस्त होऊन पोर्चमध्ये उभी होती, तिला ती दिसत होती. लेक सांगायला पुढे झाली. आजोबांना बरं नाही, असं काहीतरी ती सांगणार होती. ह्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

"मला सकाळी उठवत नाही आता," ते नातीला म्हणाले. "झोप पुरत नाही. तू व्हॅनने जा."

"झोपेसाठी?" नात म्हणाली.

"हो. थंडीत पांघरुणातून निघवत नाही."

तिने गाडीकडे बघितलं आणि त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "आळशी!" आणि चपला घालून निघून गेली. ती खेळातलं म्हणाली नव्हती.

ती गेल्यावर मी त्यांना फैलावर घेतलं. पोरीशी असं खोटं कशाला बोलायचं? तिला समजलं असतं. मुलं सगळं समजतात.

"समजलं असतं," ते म्हणाले. "मग ती माझ्या हाताकडे बघत बसली असती. त्या दिवशी गाडीतून काढल्यावर ती माझ्याजवळ यायला तयार नव्हती, तू पाहिलं नाहीस. मी पाहिलं. आजोबा आळशी आहेत असं तिला वाटलं तर चालेल मला. आजोबांची भीती वाटायला नको."

तेव्हापासून व्हॅन आमच्या घरावरून जाते. ह्यांना पहाटे जाग येतेच, ती काही औषधाने गेली नाही. उठतात, आंघोळ करतात. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, मला लावू देत नाहीत. मग बाहेरच्या खोलीत दिवा न लावता पडद्यामागे उभे राहतात. व्हॅन वळणावर आली की पडदा बोटभर सरकवतात. नात फाटकाच्या बाजूच्या खिडकीत बसते. ती आमच्या घराकडे बघते, दरवाजा बंद आहे हे बघते आणि मान फिरवते. व्हॅन गेली की हे मला येऊन सांगतात, आज दोन वेण्या होत्या, आज स्वेटर नव्हता, लेकीला फोन कर.

मागच्या आठवड्यात त्यांचा पाय जागीच खिळला. तसं आता होतं कधीकधी, पाय उचलतच नाही. व्हॅन आली तेव्हा ते पडद्याआड पोचले नव्हते. दूधवाल्यासाठी मी दार सताड उघडं ठेवलं होतं आणि हे खोलीच्या मधोमध, खोचलेल्या शर्टात, भांग पाडून उभे होते. व्हॅन एका पोरासाठी नेमकी आमच्याच समोर थांबली. नातीने बघितलं. तिचं तोंड उघडलं. खिडकीची काच बंद होती म्हणून मला शब्द ऐकू आले नाहीत, पण ती ओरडली ते दिसलं. ह्यांनी हात वर करायचा प्रयत्न केला, तो अर्ध्यावर राहिला. व्हॅन निघून गेली.

संध्याकाळी नात आली नाही. लेकीचा फोन आला, पोरगी विचारतेय की आजोबा उठलेले असतात तर मला का नेत नाहीत, आता काय सांगू. ह्यांनी पुन्हा मान हलवली, सांगायचं नाही. मी त्यांना म्हटलं, तुम्ही काय समजता स्वतःला? ते म्हणाले, "उद्यापासून बाहेरच उभा राहतो. आता लपून काय करायचं?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांना धरून फाटकापर्यंत नेलं. पडद्याआड उभं राहण्यापेक्षा बरं, असं मलाही वाटलं. व्हॅन वळणावर आली. त्यांनी आधीपासूनच हात वर धरून ठेवला होता, वेळेवर उचलला नाही तर म्हणून. व्हॅन समोरून गेली. फाटकाच्या बाजूच्या खिडकीत दुसरंच कुठलं तरी मूल बसलं होतं. आमची नात पलीकडच्या सीटवर होती, आमच्याकडे पाठ करून.